जुन्या डिझेल ट्रॅक्टरसाठी ७० स्क्वेअर एमएमचं बॅटरी केबल किट: घ्यावं का?

किटमध्ये येतं ते असं: ७० स्क्वेअर एमएमची (तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ) दीड मीटर लाल केबल, अर्धा मीटर काळी अर्थ केबल (बॅटरी ट्रॅक्टरच्या धातूला जोडणारी), विणलेली तांब्याची अर्थ पट्टी, चार पायांचा ३० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) आणि लाल चावीचा कट-ऑफ स्विच (बॅटरी तोडणारा). केबल चांगल्या आहेत, रिले जेमतेम आहे, स्विच लावू नये.

जाहिरातीत भर सगळा जाडीवर आहे. हिशेब करून बघा. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) ३०० अँपिअर ओढत असेल तर दोन मीटर ३५ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात सुमारे ०.३ व्होल्ट पडतो, ७० मध्ये ०.१५. फरक आहे, पण ‘सेल्फ रडतो’ म्हणावं इतका नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये एक-दीड व्होल्ट जातो तो सांध्यांत: हातोडीने चेपलेलं थिंबल (केबलच्या टोकाचा भोकाचा तुकडा), आतून हिरवी-काळी पडलेली तार, रंगावर कसलेला अर्थ. म्हणून या किटची खरी किंमत त्याच्या टोकांत आहे. थिंबलं टिनचा मुलामा दिलेली, षट्कोनी दाबलेली, वर गोंदाचा श्रिंक स्लीव्ह. थिंबल धरून पिळलं तरी तार आत फिरत नाही. टोक खरवडून पाहिलं, आतपर्यंत तांबंच आहे; स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं, त्याचा रोध दीडपटीहून जास्त.

घेण्याआधी मोजा. इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवा म्हणजे ते सुरू होणार नाही, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नाही), दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ व्होल्टच्या वर गेलं तर प्लसच्या बाजूला दोष. मग मायनस खुंट ते सेल्फची बॉडी: तिथे ०.२-०.३ च्या वर नको. दोन्ही ठीक आणि तरी सेल्फ जड फिरतो? मग बॅटरी, सेल्फमधले ब्रश नाहीतर बुश बघा. किट घेऊन पैसे जातील.

बसवताना मायनस आधी काढा, शेवटी लावा. (इंग्लंडच्या काही जुन्या ट्रॅक्टरांत प्लस अर्थ असतो, तिथे हे उलट.) मायनस केबल पत्र्याला किंवा बॅटरीच्या पेटीला नको, थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टखाली, जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. थिंबलांची भोकं १० मिमीची आहेत. सेल्फचा बोल्ट ८ मिमीचा असेल तर थिंबल एका कडेवर बसतं आणि तापतं, तेव्हा त्या टोकाला ८ च्या भोकाचं थिंबल दाबून घ्या. वॉशर थिंबल आणि बोल्टच्या बुडाच्या मधे कधीच घालू नका. केबल एक्झॉस्टपासून लांब न्या, कडेला घासते तिथे रबर ग्रोमेट घाला.

रिलेची कल्पना बरोबर आहे. चावी, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ फिरू देणारा) आणि लांब बारीक वायर यांतून सोलेनॉइडला (सेल्फवरचा मोठा विजेचा स्विच) पुरेसा करंट पोचत नाही, मग नुसती ‘टक’ ऐकू येते. पण ओढून घेण्याच्या क्षणी सोलेनॉइड ३० अँपिअरच्या वर जाऊ शकतो, म्हणून ७० अँपिअरचा रिले घ्या. रिलेच्या ३० नंबरच्या पायाला सेल्फच्या मोठ्या बोल्टवरून फ्यूजसह ४ स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर, ८५ अर्थ. न्यूट्रल स्विच त्या जुन्या वायरीतच राहू द्या. गिअरमध्ये सेल्फ फिरला तर ट्रॅक्टर माणसावर जातो.

कट-ऑफ स्विच प्लास्टिकचा, आतले कॉन्टॅक्ट बारीक. किटमधली सगळ्यात जास्त गरम होणारी वस्तू तीच. शिवाय इंजिन चालू असताना कोणी ही लाल चावी फिरवली तर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. कट-ऑफ हवाच असेल तर पितळी कॉन्टॅक्टचा, जड, मायनसच्या बाजूला.

केबलसाठी पाचपैकी चार, रिलेला दोन, स्विचला शून्य. दोन्ही केबल सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्या.