आठ महिने घरात असलेलं पुस्तक: ‘वंडर वुमन ’७७ मीट्स द बायोनिक वुमन’

हे पुस्तक माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. एवढ्यात ते तीनदा सलग वाचून झालं, आणि दिवाळीच्या सुट्टीत बारा वर्षांच्या भाचीला शेजारी घेऊन चौथ्यांदा, पानापानावर थांबत. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसले असते तर ‘मजा आली’ यापलीकडे काही सुचलं नसतं. आता सांगण्यासारखं बरंच आहे, आणि थोडी तक्रारही आहे.

डीसी आणि डायनामाइट या दोन अमेरिकन प्रकाशकांनी मिळून काढलेली ही सहा अंकांची कॉमिक्स मालिका. २०१६च्या शेवटी सुरू झाली, २०१७मध्ये संपली. माझ्याकडे सहाही अंकांचं एकत्र पेपरबॅक आहे. लेखन अँडी मँगल्सचं, चित्रं युडित टोंडोरा या हंगेरियन चित्रकर्तीची. यातली वंडर वुमन म्हणजे एरवीच्या कॉमिक्समधली नव्हे, तर टीव्ही मालिकेतली, लिंडा कार्टरने साकारलेली. आणि तिच्या जोडीला ‘बायोनिक वुमन’ या टीव्ही मालिकेची नायिका, लिंडसे वॅग्नरची जेमी सोमर्स.

या दोघी टीव्हीवर कधी भेटल्या नाहीत, आणि का भेटल्या नाहीत हे कळल्यावर मला पुस्तक जास्त आवडू लागलं. १९७६-७७ साली दोन्ही मालिका एबीसी याच वाहिनीवर होत्या. पण तेव्हा डायनाची, म्हणजे वंडर वुमनची, गोष्ट घडत होती दुसऱ्या महायुद्धात, आणि जेमी होती सत्तरच्या दशकात. मग १९७७मध्ये वंडर वुमन सीबीएसवर गेली आणि तिची कथा एकदम चालू काळात आली. म्हणजे आता भेट शक्य होती! पण त्याच वर्षी बायोनिक वुमनही एबीसी सोडून एनबीसीवर गेली. वाहिनी एक होती तेव्हा काळ वेगळा, आणि काळ एक झाला तेव्हा वाहिन्या वेगळ्या. शीर्षकातलं ’७७ मी आता या चुकामुकीचं वर्ष म्हणून वाचते.

लेखकाला हे सगळं तोंडपाठ आहे हे पानोपानी जाणवतं. मँगल्सने ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात कित्येक वर्षं ‘वंडर वुमन डे’ भरवून घरगुती हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांच्या आश्रयगृहांसाठी पैसे उभे केले. या पात्रावर त्याचं प्रेम किती जुनं आहे ते त्यावरून कळतं. दोन नायक एकत्र आले की आधी गैरसमज, मग मारामारी, मग दोस्ती हा कॉमिक्समधला ठरलेला साचा. इथे तो नाही. दोघी एकमेकींचं काम बघतात, विश्वास ठेवतात आणि पुढे निघतात. आपापल्या खात्यात पुरुष वरिष्ठांच्या हाताखाली वावरणाऱ्या, मोठं गुपित बाळगून जगणाऱ्या दोन कामकरी बायका आहेत त्या. दुसरीला बघून ‘अरे, मी एकटी नाही’ असं वाटणं किती स्वाभाविक आहे!

आणि तरी दोघींत फरक आहे, तो मला तिसऱ्या वाचनात नीट दिसला. डायनाची ताकद तिची स्वतःची, तिच्या माणसांत वाढताना मिळालेली. ती आपल्या मर्जीने बेट सोडून आली. जेमीचं तसं नाही. ती टेनिसपटू होती. आकाशातून उडी मारताना अपघात झाला, आणि दोन्ही पाय, उजवा हात, उजवा कान सरकारी खर्चाने नव्याने, यांत्रिक म्हणजे ‘बायोनिक’, बसवले गेले. त्यानंतर ती शाळेत शिकवते आणि बोलावणं आलं की ओएसआय या सरकारी गुप्तहेर खात्याच्या कामगिरीवर निघते. एकीला देणं कुणाचं नाही, दुसरीच्या अंगावरच देणं आहे. ही जेमी पॅराडाइज आयलंडवर, म्हणजे डायनाच्या त्या बेटावर, पाऊल ठेवते तो भाग मला सगळ्यात जवळचा. पुस्तकाने तिथे आणखी रेंगाळायला हवं होतं. लढाई चार पानं कमी झाली असती तरी चाललं असतं.

लढाई कमी व्हायला हवी होती, कारण खलनायक फार झालेत. दोन्ही मालिकांमधले जुने शत्रू ‘कास्ट्रा’ नावाच्या टोळीत एकत्र येतात आणि त्यांचा डोळा बायोनिक तंत्रज्ञानावर असतो. जुन्या प्रेक्षकाला प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटेल, नव्या वाचकाला मात्र लग्नातल्या लांबच्या नातेवाइकांसारखं होतं: नाव कळतं, नातं लागत नाही. पहिल्या वेळी मी दोनदा मागची पानं उलटून पाहिली. फेमबॉट्स, म्हणजे हुबेहूब बाईसारखे दिसणारे यंत्रमानव, तेवढे लगेच पकड घेतात.

खरी परीक्षा भाचीने घेतली. तिने दोन्हींपैकी एकही मालिका पाहिलेली नव्हती. तिचा पहिला प्रश्न, “मावशी, ही ऐकताना केस का मागे सारते गं?” मी कानाची गोष्ट सांगितली. मग धावताना आवाज कसला, हे विचारलं. टीव्हीवर जेमी धावली की चित्र उलट संथ व्हायचं आणि तो विशिष्ट इलेक्ट्रॉनिक आवाज यायचा, त्यावरून वेग समजायचा. कागदावर ना संथपणा येत, ना आवाज. शेवटी आम्ही जुना एक भाग लावून बघितला. दुसऱ्या दिवशी पोरगी तोंडाने तो आवाज काढत पुस्तक वाचत होती, आणि मग तिला ते फार आवडलं. डायना स्वतःभोवती गिरकी घेऊन वंडर वुमन होते, त्या गिरकीला मात्र काही समजावावं लागलं नाही. ती गिरकी टीव्ही मालिकेसाठी खुद्द लिंडा कार्टरनेच सुचवलेली, आणि स्थिर चित्रातही तिचा झोका जाणवतो.

टोंडोराची चित्रं एकूण मला आवडतात. लिंडसे वॅग्नरच्या चेहऱ्यावरची ती किंचित थकलेली माया तिने अचूक धरली आहे. सत्तरीतले कपडे, केस, गाड्या बघताना वेळ कसा जातो कळत नाही. पण काही चौकटींत चेहरा छायाचित्रावरून उचलल्यासारखा ताठ होतो, विशेषतः माणसं नुसती उभी राहून बोलत असतात तेव्हा. मुखपृष्ठं कॅट स्टॅग्जची, ती निर्विवाद सुंदर.

पुस्तक म्हणून वस्तूबद्दल. माझी प्रत ऑनलाइन विक्रेत्याकडून आली तेव्हा पातळ पाकिटामुळे एक कोपरा दुमडलेला होता. बदलून मागितली, तर उत्तरच आलं नाही. कागद गुळगुळीत आहे, रंग आठ महिन्यांनीही तसेच आहेत. बांधणी नुसत्या गोंदाची आहे, त्यामुळे चौथ्या वाचनानंतर मधली पानं सैल वाटू लागलीत. मुलांच्या हाती द्यायचं असेल तर पुस्तक पूर्ण उताणं करून ठेवू नका. फोनवर वाचायचाही प्रयत्न केला, पण दोन पानांवर पसरलेली चित्रं तिथे तुकड्यातुकड्यांनी बघावी लागतात. टॅबलेट असेल तरच तसं घ्या.

घेणार असाल तर आधी दोन गोष्टी बघा. वंडर वुमनचा सीबीएसवरचा पहिला भाग, म्हणजे डायना १९७७मध्ये कशी आली ते कळेल. आणि बायोनिक वुमनची १९७६ची ‘किल ऑस्कर’ ही तीन भागांची कथा. तिचा मधला भाग ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या जोडमालिकेत आहे, तो शोधायला विसरू नका. फेमबॉटचा मुखवटा निघतो आणि खाली तारा दिसतात, ते दृश्य भाचीने उशीमागून पाहिलं. पुस्तक सध्या तिच्याकडेच आहे, मैत्रिणीला वाचायला देऊ का म्हणून परवा फोन आला होता. मी हो म्हटलं, फक्त उताणं ठेवू नका एवढं सांगितलं.