'डब्ल्यूपी' इंजिनाची पितळी प्रतिकृती: चेहरा जमला, बैठक हुकली

भारतीय रेल्वेच्या 'डब्ल्यूपी' वर्गातील वाफेच्या इंजिनाची १:८७ प्रमाणातली पितळी प्रतिकृती तीन महिन्यांपासून माझ्याकडे आहे. ती एका लहानशा कारखान्यात हाताने जोडली जाते. निर्मात्यांनी तिच्यावर ७१६१ हा क्रमांक घातला आहे. म्हणजे पश्चिम बंगालमधील चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात बांधलेले आणि आज रेवाडीच्या लोकोशेडमध्ये जतन केलेले 'अकबर' हे इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

बंदुकीच्या गोळीसारखे पुढे आलेले नाक आणि त्यावरचा रुपेरी तारा ही या वर्गाची ओळख, आणि ते इंजिन फलाटात शिरताना ज्याने एकदा पाहिले आहे त्याला त्या नाकाचा फुगवटा थोडा जरी बिघडला तरी खटकतो. इथे तो अचूक उतरला आहे. मूळ इंजिनाची मुख्य चाके ५ फूट ७ इंच व्यासाची. या प्रमाणात ती साडेएकोणीस मिलिमीटरची हवीत आणि व्हर्नियरने मोजल्यावर तेवढीच भरली. मंद विजेवर चालवताना दांड्यांची हालचाल इतकी सलग होते की मी पहिल्या संध्याकाळी दुसरे काहीच केले नाही.

खरी उणीव चाकांमधल्या अंतरात आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात १९.३ मिलिमीटर, प्रतिकृती मात्र बाजारात सहज मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांसाठी केली आहे, जे माप युरोपातील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे आहे. तीन मिलिमीटरांहूनही कमी असलेला हा फरक क्षुल्लक वाटेल, पण समोरून पाहिले की चाके पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात आणि इंजिनाचा भारदस्तपणा जातो.

या वर्गाच्या बाबतीत हे अधिकच जाणवते, कारण रुळांवर स्थिर बैठक हीच त्याच्या जन्मामागची निकड होती. आधीच्या 'एक्सबी' वर्गाची इंजिने वेगात दोन्ही बाजूंना हेलकावत. १९३७ साली बिहारमधील बिहट्याजवळ अशाच एका इंजिनाची गाडी घसरून शंभरहून अधिक माणसे दगावली आणि या इंजिनांची तज्ज्ञ समितीकडून तपासणी झाली. पुढे नवा आराखडा आखताना स्थैर्याबरोबरच जास्त राखेचा देशी कोळसा जाळू शकेल अशा रुंद भट्टीचाही विचार झाला. अमेरिकेतील बाल्डविन कंपनीकडून १९४७ मध्ये पहिली १६ नमुना इंजिने आली आणि १९६७ पर्यंत एकूण ७५५ बांधली गेली, त्यांपैकी २५९ चित्तरंजनची. ताज एक्सप्रेसला दिल्ली आणि आग्रा यांच्यामध्ये हीच इंजिने ओढत.

सोबतच्या पुस्तिकेत हा इतिहास दोन ओळींत उरकला आहे आणि ७१६१ च्या बांधणीचे वर्ष १९४७ दिले आहे. ही चूक गंभीर आहे, कारण त्या वर्षीची इंजिने ७२०० ते ७२१५ या क्रमांकांची होती आणि चित्तरंजनने हा वर्ग १९६३ पासून बांधला.

काचेच्या कपाटात आडवी, बाजूने दिसेल अशी ठेवायची असेल तर ही प्रतिकृती निःशंक घ्यावी. ब्रॉडगेजचे रूळ स्वतः अंथरणाऱ्यांनी मागणी नोंदवतानाच रुंद आसांबद्दल विचारावे. मी पत्र लिहिले तेव्हा निर्मात्यांनी ते बसवून देण्याची तयारी दाखवली, आणि माझे इंजिन मी पुढच्या आठवड्यात त्यासाठी परत पाठवत आहे.