पाच ट्राउट, साडेसात हजार आणि पावती नाही

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी, म्हणजे तिथल्या थंड पाण्यातल्या माशासाठी, जाणार असाल तर कुणाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी हे वाचा. गेल्या एप्रिलच्या शेवटी मी आणि दाजी तिथे हातोहात फसलो. दोघंही लहानपणापासून गोदावरीत गळ टाकलेले, त्यामुळे आपल्याला कोण शेंडी लावतोय, ही घमेंड होतीच.

बंजारच्या बाजारात आमच्या हातात रॉड पाहून एक गाईड आपणहून आला. "साहब, ऊपर बर्फ पिघल रही है, नदी का पानी मटमैला है. वहाँ कुछ नहीं लगेगा. मेरे साथ नाले पे चलो, ब्राउन ट्राउट की गारंटी." त्या दिवसांत बर्फाचं पाणी येऊन तीर्थन खरंच गढूळते. थाप अर्धी खरी होती, म्हणून पचली. दोघांचे ५००० ठरले, वर लायसन्सचे १०००. पावती मागितली तर "शाम को देता हूँ."

इथेच उठायला हवं होतं. हिमाचलात ट्राउटसाठी मत्स्यविभागाचं लायसन्स लागतं, ते ज्याच्या हातात गळ त्याच्या नावाचं असतं आणि नदीवर जाताना खिशात असावं लागतं. आमचं तर नावही त्यानं विचारलं नव्हतं! दाजी म्हणाले, "असू दे रे, इथले लोक साधे असतात."

ओढा मात्र सुंदर होता. देवदाराची सावली, गुडघाभर पाणी, मधे एक डोह. डोहाच्या खालच्या तोंडाशी दगड नीट रचलेले आणि त्यांच्या फटीतून हिरव्या शेडनेटचा तुकडा डोकावत होता. मला वाटलं, कुणीतरी कचरा टाकलाय.

पहिला मासा तिसऱ्याच फेकीला. अर्ध्या तासात पाच, सगळे एका मापाचे, साच्यातून काढल्यासारखे. आणखी एक गोष्ट तेव्हा खटकायला हवी होती. आमची सावली पाण्यावर पडली की मासे पळायच्या ऐवजी कडेला गोळा व्हायचे. रानातला ट्राउट म्हणजे भित्रं जनावर. प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड उभा राहतो, वाहत येणारे किडे टिपतो आणि माणसाची चाहूल लागली की दिसेनासा होतो. म्हणून तर त्याच्याकडे खालच्या अंगानं, वाकून जायचं असतं. आमचे मात्र पाहुण्यांच्या स्वागताला आल्यासारखे! निघताना गाईडनं मासे तोलले आणि 'ब्राउनचा रेट' म्हणून आणखी १५०० घेतले.

संध्याकाळी होमस्टेच्या मालकीणबाई मासे पाहून हसल्याच. "ये ब्राउन नहीं है जी." ब्राउनच्या अंगावर तांबडे ठिपके असतात, त्यांच्याभोवती फिकट कडी, आणि शेपटीवर ठिपके नसल्यातच जमा. आमच्या माशांच्या कुशीवर गुलाबी पट्टा होता, शेपूट काळ्या ठिपक्यांनी भरलेली, आणि पर सिमेंटच्या हौदाला घासून झिजलेले. सरळसरळ फार्मवरचा रेनबो, ट्राउटचीच दुसरी जात. दाजींना पटेना. मग बाईंनी एकाचं पोट चिरून आतली पिशवी नखानं उघडली. किडे नाहीत, अळ्या नाहीत. कोंबडीच्या खाद्यासारख्या तपकिरी गोळ्या, फुगून मऊ झालेल्या. दाजी गप्प बसले.

इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मिरात ट्राउट आणला आणि १९०९ मध्ये कुल्लूत. तेव्हापासून ब्राउन इथल्या नद्यांत स्वतःच्या बळावर वाढतोय. फार्मवर बहुतेक रेनबोच पाळतात, कारण तो गोळ्यांवर आणि हौदात झटपट वाढतो. तो विकत घेऊन डोहात सोडायचा, खाली जाळी लावायची आणि शहरी माणसाला 'जंगली' म्हणून पकडायला द्यायचा, असा सगळा धंदा. त्याच खोऱ्यात नागिणी गावात सरकारी ट्राउट फार्म आहे. तेवढे मासे तिथून सरळ विकत घेतले असते तर साडेसात हजारांतला किरकोळ भाग लागला असता.

गाईडला फोन केला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलून म्हणाला, "साहब, मछली तो मिली ना?" त्यावर काय बोलणार? लायसन्सच्या पैशांचं विचारल्यावर "नाले पे कौन देखता है" म्हणाला आणि फोन बंद. म्हणजे दिवसभर आम्ही विनापरवाना गळ टाकत होतो. पहारेकरी आला असता तर दंड आम्ही भरला असता, त्यानं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर ट्राउटची मासेमारी बंदच असते. त्या दिवसांत कुणी 'गारंटी' देत असेल तर पुढे ऐकूच नका.

दुसऱ्या दिवशी मत्स्यविभागाच्या माणसाकडून आमच्या नावाचं लायसन्स काढलं. पैसे किरकोळ, कागदावर शिक्का, तारीख, सगळं. खोऱ्यातल्याच गुशैणी गावाच्या वर सकाळी सहापासून बाराएकपर्यंत पाण्यात उभे राहिलो, पाय बधिर झाले. एक लागला. हातभर अंतरावर येऊन पालथा झाला तेव्हा तांबडे ठिपके स्वच्छ दिसले, आणि तो सुटला.

दाजी म्हणाले, "बघ, हा पळाला. हाच खरा."