कानाझावाचं नोमुरा घर: सामुराईच्या पत्त्यावर व्यापाऱ्याची खोली

सामुराई म्हटलं की सगळे किल्ल्याकडे पळतात, मीही तेच केलं असतं, पण किल्ला धन्याचा असतो हो, त्याची माणसं कुठे राहायची ते बघायचं असेल तर कानाझावाच्या नागामाची भागात जा. तोक्योहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण अडीच तास. मातीच्या भिंती, कडेने वाहणारा पाट, अरुंद बोळ. हिवाळ्यात भिंतींना गवताच्या चटया बांधतात, बर्फाने माती सुटू नये म्हणून, आम्हाला त्या बांधलेल्याच दिसल्या.

तिथल्याच नोमुरा घराचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा ५५० येन होतं. बूट दारातच काढायचे, तेव्हा मोजे बघून घाला, माझ्या अंगठ्याने सगळ्यांना दर्शन दिलं.

नोमुरा म्हणजे इथले धनी असलेल्या माएदा घराण्याचे पिढीजात चाकर. माएदा तोशिइए १५८३ मध्ये कानाझावात आला, पुढे त्यांची कागा जहागीर दहा लाख कोकूंच्या वर गेली. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, आणि नोमुरांच्या वाट्याला त्यातले हजार-बाराशे, म्हणजे चांगली खाऊनपिऊन सुखी मंडळी.

आता गंमत ऐका. आतली सगळ्यात देखणी खोली, हिनोकी लाकडाचं छत, दारांवर चित्रं, जिथे सगळे तोंडाचा आ करून उभे राहतात, ती मुळात सामुराईची नाहीच! १८६८ नंतर जहागिऱ्या गेल्या, घरबसल्या मिळणारा तांदूळ थांबला, नोमुरांचं मूळ घर पाडलं गेलं, आणि बऱ्याच वर्षांनी हाशिदाते गावच्या एका गब्बर जहाजवाल्या व्यापाऱ्याच्या वाड्यातला भाग, जिथे तो दाइशोजीच्या दाइम्योची, म्हणजे तिथल्या जहागीरदाराची, सरबराई करायचा, तो उचलून इथे आणून बसवला. मी आधी जरा खट्टू झालो, मग म्हटलं बरोबरच आहे की, शेवटच्या काळात दाइम्यो आणि सामुराई दोघेही व्यापाऱ्यांच्या उधारीवरच तर चालले होते.

बाग एवढीशी, पण व्हरांड्यात बसलं की पाणी अगदी पायाखालून जातं, त्यात कोई मासे, दगडी दिवा, आणि ४०० वर्षांचं म्हणतात ते यामामोमोचं झाड. अर्धा तास नुसते बसून होतो.

एक पत्र अजिबात चुकवू नका. आसाकुरा योशिकागे नावाच्या सोळाव्या शतकातल्या सरदाराने नोमुरा घराण्यातल्या एकाला पाठवलेलं, की तुम्ही मेहनत घेऊन शत्रूचा बडा असामी मारलात, मुंडकंही आणलंत, आभारी आहोत. टोन अगदी ऑफिसातल्या 'वेल डन' मेलचा, मला हसू पण आलं आणि अंगावर काटा पण.

ग्रुप टूरने मात्र जाऊ नका. आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही) इथे २० मिनिटं दिली होती, आम्ही सरळ टूर सोडली आणि चालत आशिगारू म्युझियम गाठलं, फुकट आहे. आशिगारू म्हणजे साधे पायदळवाले, त्यांची दोन खरीखुरी घरं तिथे हलवून ठेवलीत. बाकीकडे हे लोक चाळीसारख्या लांबलचक घरात राहायचे, कागामध्ये मात्र प्रत्येकाला छोटं का होईना स्वतंत्र घर आणि पुढे अंगण. छपरावर फळ्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. चित्रंबित्रं काही नाहीत, पण मी तिथे जास्त रमलो.