पोस्टग्रेस परिषदेतील व्याख्याने: व्हॅक्यूमला न्याय, बॅकअपवर अन्याय

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सभागृहात पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांची एकदिवसीय परिषद नुकतीच झाली. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांचे डेटाबेस सांभाळणारे, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम नाशिकमध्ये बसून करणारे असे सगळेच श्रोते तेथे होते. भोजन आणि व्यवस्था चोख होती, पण शुल्क भरून आणि कामाचा दिवस बाजूला ठेवून माणूस येतो तो व्याख्यानांसाठी, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

दिवसातील सर्वांत कसदार सत्र व्हॅक्यूमवरचे, म्हणजे टेबलातील निरुपयोगी ओळी साफ करणाऱ्या आज्ञेवरचे होते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ तशीच राहते आणि तिची नवी आवृत्ती वेगळी लिहिली जाते, हे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. वक्त्या बाईंनी ते पडद्यावर घडवून दाखवले. उदाहरणाला त्यांनी लासलगावसारख्या कांदा बाजाराचे टेबल घेतले होते. ट्रॅक्टर आवारात आला की आवकेची नोंद होते, त्याच ओळीत पुढे लिलावाचा भाव भरला जातो, मग काट्यावरचे वजन आणि शेवटी हिशोबपट्टीचा क्रमांक. प्रत्येक बदलानंतर त्या सीटीआयडी हा ओळीचा पत्ता (पान क्रमांक, पानावरील जागा) सांगणारा, एरवी न दिसणारा कॉलम वाचून दाखवत होत्या: (०,१), मग (०,२), (०,३), (०,४). शेतकऱ्याची नोंद एकच, पण ८ केबीच्या त्या पानावर तिच्या तीन मृत आवृत्त्या जागा अडवून बसलेल्या सर्वांना दिसल्या.

तेथून त्या ऑटोव्हॅक्यूमकडे, म्हणजे आपोआप होणाऱ्या सफाईकडे वळल्या. मूळ सेटिंगनुसार टेबलातील सुमारे २० टक्के ओळी आणि वर ५० इतक्या मृत झाल्याशिवाय त्या टेबलाची सफाई सुरू होत नाही. म्हणजे १ कोटी ओळींच्या टेबलात २० लाखांवर मृत ओळी साठेपर्यंत काहीच हालचाल नाही. मोठ्या आणि सतत बदलणाऱ्या टेबलांपुरते हे प्रमाण १ किंवा २ टक्क्यांवर आणावे, सगळ्या सर्व्हरला सरसकट लावू नये, हा त्यांचा सल्ला मला पूर्ण पटला. पण खरी कसोटी पुढे होती. त्यांनी एका खिडकीत ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या आज्ञांचा गट) उघडून, एक नवी ओळ घालून ते तसेच सोडले आणि दुसऱ्या खिडकीत ओळी बदलून व्हॅक्यूम चालवला, तेव्हा मृत ओळी अजून काढता येत नसल्याचा अहवाल आला. पहिल्या खिडकीत कमिट करून ते ट्रान्झॅक्शन संपवताच तीच आज्ञा पुन्हा दिली आणि सफाई झाली. टेबल फुगले की ऑटोव्हॅक्यूमलाच बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात ॲप्लिकेशनने उघडे टाकलेले एखादे ट्रान्झॅक्शन त्याचे हात बांधून ठेवते, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेले मी इतरत्र पाहिलेले नाही.

डेटाबेस एखादी क्वेरी कशी चालवणार ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन या आज्ञेवरचे व्याख्यान नीटनेटके होते. अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत तफावत कुठे पडते ते आधी पाहा, इंडेक्सचा विचार नंतर करा, हा क्रम वक्त्यांनी शेवटपर्यंत पाळला. कनेक्शन पूलिंगच्या, म्हणजे मोजकी कनेक्शन अनेकांत वाटून वापरण्याच्या सत्राने मात्र निराशा केली. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो आणि मर्यादा मुळात १०० कनेक्शनची असते, एवढे सांगून झाल्यावर उरलेला वेळ वक्त्यांच्या कंपनीच्या सेवेचे गुणगान करण्यात गेला. पीजीबाउन्सर हे पूलिंगचे साधन ट्रान्झॅक्शन मोडवर (ट्रान्झॅक्शन संपताच कनेक्शन दुसऱ्याला) चालवताना सेशनपुरती केलेली सेटिंग्ज भलत्याच क्लायंटच्या वाट्याला येऊ शकतात, या रोजच्या अडचणीचा उल्लेखही झाला नाही.

खरी खंत बॅकअपच्या सत्राची आहे. विषय सर्वांत जोखमीचा, वक्ते अनुभवी, आणि त्यांच्या वाट्याला आला जेवणाआधीचा अर्धा तास. २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीतील इन्क्रिमेंटल बॅकअप, म्हणजे आधीच्या बॅकअपनंतर बदललेल्या भागाचाच बॅकअप, त्यांनी घेऊन दाखवला, परंतु पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे तुकडे पीजी कम्बाइनबॅकअपने जोडून सर्व्हर पुन्हा उभा करण्याची वेळ आली तेव्हा घड्याळ आडवे आले. बॅकअप घेणे हे अर्धेच काम आहे. तो परत उभा राहतो की नाही, यावर पतसंस्थेच्या सभासदांचे पैसे आणि कारखान्याची पाळी अवलंबून असते. समोर बसलेल्यांपैकी अनेकांकडे बॅकअपसाठी वेगळा माणूस नसतो, सर्व काही त्यांनाच पाहावे लागते, त्यामुळे हा भाग गाळला जायला नको होता.

प्रश्नोत्तरे मराठीत सुरू झाली तसे मागच्या रांगांतले, एरवी गप्प बसणारे तरुणही बोलू लागले, आणि त्यांचे बहुतेक प्रश्न रिस्टोअरचे, म्हणजे बॅकअप परत उभा करण्याचेच होते. आयोजकांनी पुढील वेळी पूलिंगचे सत्र वगळून तो वेळ बॅकअपला द्यावा, आणि श्रोत्यांच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून घ्यावा.