नव्या लॅपटॉपवर लिनक्स, सात महिन्यांनंतर

सात महिने झाले, रोजचं सगळं काम ह्याच लॅपटॉपवर आणि फक्त लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) करतेय, म्हणून आता लिहायला घेतलं. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती रडारड झाली असती.

लॅपटॉप नवाकोरा, आणि त्रास झाला तो त्यामुळेच. जुन्या मशीनवर लिनक्स पटकन बसतं कारण ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कधीचे आलेले असतात, नव्या मशीनची चिप मात्र आधी बाजारात येते आणि ड्रायव्हर मागून. मी सवयीचं एलटीएस डिस्ट्रो, म्हणजे बरीच वर्षं सपोर्ट मिळणारी लिनक्सची आवृत्ती, टाकलं, कर्नल ६.८, तर वायफायच दिसेना. शेवटी फोन यूएसबीने जोडला, त्याचं नेट घेऊन नवा कर्नल घातला, रिबूट केलं, तेव्हा कुठे नेटवर्कची यादी आली. मग म्हटलं रोज हेच करत बसण्यापेक्षा फेडोरा हे दुसरं डिस्ट्रो टाकू, तिथे साधारण सहा महिन्यांनी नवं व्हर्जन येतं आणि मधल्या काळातही कर्नल नवा मिळत राहतो. तेव्हापासून वायफायने त्रास दिलेला नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते स्लीपने. झाकण बंद करून लॅपटॉप बॅगेत ठेवायचा आणि दोन तासांनी काढला की खालून चांगलाच गरम, एकदा तर रात्री ९० टक्के बॅटरी होती आणि सकाळी ५२. शोधल्यावर कळलं की पूर्वीचा एस-थ्री स्लीप, ज्यात रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद व्हायचं, तो बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (मशीनमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) दिलेलाच नसतो. माझ्याकडे मेम-स्लीप फाईल, ज्यात लॅपटॉपला जमणारे स्लीपचे प्रकार दिसतात, उघडली तर एकच शब्द, एस-टू-आयडल, म्हणजे हलकी झोप; डीप, म्हणजे तो एस-थ्री, नाहीच. ह्या हलक्या प्रकारात एखादा डिव्हाइस नीट झोपला नाही तर प्रोसेसरही पूर्ण झोपत नाही. हायबरनेट करू (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद) म्हटलं तर सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असताना कर्नल ते करू देत नाही, आणि फेडोराचा डिफॉल्ट स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) झेड-रॅमवर म्हणजे रॅममध्येच, त्यामुळे डिस्कवर वेगळा स्वॅपही हवा. शेवटी इलाज निघाला तो बायोस, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या, अपडेटमध्ये. एफडब्ल्यूअपडी ह्या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या टूलने लिनक्समधूनच ते उतरवलं, पाच मिनिटांत झालं, आणि आता रात्रभरात तीन-चार टक्केच जातात. हे आधी का नाही केलं असं झालं मला!

बाकी चांगलंच आहे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्येच मिळाली, मी दिवसभर चार्जर लावून बसते त्यामुळे माझ्यासाठी ते महत्त्वाचं. काही व्हिडिओ चालेनात म्हणून आरपीएम फ्यूजन ह्या फेडोरासाठीच्या वेगळ्या सॉफ्टवेअर-भांडारातून कोडेक (व्हिडिओ उलगडणारे प्रोग्रॅम) घ्यावे लागले. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते, हे सगळं त्यावरच लिहिलंय. फिंगरप्रिंट मात्र अजून चालत नाही, त्या सेन्सरला लिब-एफप्रिंटमध्ये, म्हणजे लिनक्सच्या फिंगरप्रिंट सॉफ्टवेअरमध्ये, सपोर्टच नाही, पासवर्ड टाकते.

तुम्ही टाकणार असाल तर विंडोजला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि लाइव्ह यूएसबीवरून (काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) बूट करून नुसता डेस्कटॉप बघून खूश होऊ नका, वायफाय जोडा, माइकवर बोलून बघा, झाकण बंद करून दहा मिनिटं ठेवा आणि उघडल्यावर स्क्रीन परत येते का ते बघा.