कागदी पुस्तक की टॅबलेट? लहान मुलांसोबत काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो: तीन वर्षांखालच्या मुलासाठी कागदच. त्यापुढे टॅबलेट चालतो, पण पुस्तक उघडण्याआधी त्याच्या सेटिंग्जवर थोडी मेहनत घ्यावी लागते.

मुख्य अडचण बोटाची आहे. मूल चित्रावर बोट ठेवून "हत्ती!" म्हणतं आणि पान उलटतं. बोट दाखवायला ठेवलंय की पान उलटायला, हे स्क्रीनला कळत नाही. दोन-चारदा असं झालं की मूल चित्र दाखवायचं सोडून नुसतं टकटक करत सुटतं आणि आपल्या तोंडी "थांब, हात नको लावू" एवढंच उरतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ३७ पालक-मुलांच्या जोड्यांचं निरीक्षण केलं, तेव्हाही हेच दिसलं: स्क्रीनवर गोष्टीबद्दलचं बोलणं कमी झालं. खरं तर "सोंड कुठंय? आता तो कुठे जाईल?" या गप्पांसाठीच तर वाचायला बसायचं.

यावर सगळ्यात कामाला आलेली सोय आयपॅडवरची गायडेड ॲक्सेस. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली ती चालू करायची, पुस्तक उघडायचं आणि वरच्या कडेचं (होम बटण असलेल्या आयपॅडवर होम) बटण तीनदा दाबायचं. मग चित्राभोवती बोटाने गोल काढला की तेवढ्या भागात स्पर्श बंद. कडेची पट्टी मोकळी ठेवायची, पान तिथून उलटतं. अँड्रॉइडच्या ॲप पिनिंगमुळे मूल ॲपबाहेर जात नाही, पण पानाचा काही भाग बंद करता येत नाही. तिथे टॅप करून पान उलटण्याचा पर्याय बंद करता येतो का, ते वाचनाच्या ॲपमध्येच बघावं. दोन्हीकडे ऑटो-रोटेट बंद, पुस्तक आधीच डाउनलोड केलेलं आणि विमान मोड चालू. आपोआप वाचणारा आवाजही बंदच बरा, कारण तो प्रश्न विचारायला थांबत नाही.

चित्रं हलणारी, आवाज करणारी पुस्तकं सरसकट वाईट नाहीत. २०२१ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कागदी पुस्तकाची नुसती डिजिटल प्रत गोष्ट समजण्यात मागे पडते, पण गोष्टीशी जोडलेली भर असेल तर डिजिटल पुढे जातं, असं त्यात आढळलं. परीक्षा सोपी आहे. ढगावर बोट ठेवल्यावर गोष्टीतला पाऊस सुरू होत असेल तर ठीक. कोपऱ्यातलं फुलपाखरू उगाच नाचत असेल तर ते पुस्तक काढून टाकावं.

फोनवर चित्रपुस्तक वाचू नये. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र तिथे काडेपेटीएवढं होतं. ई-इंक वाचकयंत्रं (किंडलसारखी) बहुतेक कृष्णधवल, त्यामुळे चित्रांसाठी निरुपयोगी. मराठीची वेगळी डोकेदुखी म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पीडीएफ, म्हणजे ज्यांत मराठी अक्षरांमागे भलतेच संकेत दडलेले असतात. डोळ्यांना नीट दिसतात, पण वाचून दाखवणाऱ्या सोयीला लावल्या की काहीच्या काही ऐकू येतं.

कागदाचीही रडगाणी आहेत. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं ओली झाली की थर सुटतात. पानं पंख्यासारखी उघडून उभी वाळवावीत. पातळ पानं खालच्या कोपऱ्याला फाटतात, कारण मूल तिथूनच ओढतं. वरचा कोपरा धरायला शिकवलं की बराच फरक पडतो. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, ती पिवळी पडते आणि गोंद पाझरतो. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरते. बटण दाबल्यावर वाजणाऱ्या पुस्तकांत मात्र बटणसेल असतात. गिळले तर अन्ननलिका भाजते, म्हणून सेलचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं नसेल तर असं पुस्तक घरात आणू नये.

जे पुस्तक फक्त डिजिटल मिळतं ते छापून घेता येतं. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकांच्या पीडीएफ खुल्या परवान्याखाली आहेत. प्रिंटच्या पर्यायांत 'बुकलेट' निवडायचं, दोन्ही बाजूंनी छापताना कागद छोट्या कडेवर उलटायचा. पानं चारच्या पटीत नसतील तर शेवटी कोरी राहतात, तिथे मुलाला चित्र काढू द्यावं. पिन मारू नये: ती गंजते, बोटाला लागते आणि मधला कागद आधी सुटतो. घडीवर तीन भोकं पाडून जाड दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्यातून आत, आतूनच खालच्यापर्यंत नेऊन बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. गाठ आतल्या लांब टाक्यावर मारा.